लेकराला सांगून जायचं

मागे जी घरघर ऐकू येतेय ती शेजारच्या वाड्यात हळद पॉलिश करायच्या ड्रमची आहे. वसमतमध्ये राहून या दिवसांत रेकॉर्डिंग करायचं म्हणजे हे ऐकावंच लागणार. सांभाळून घ्या.

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही. आज पाळणाघर. हसू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांवर दोन-चार वर्षांत ही वेळ येणार आहे.

आधी आमची परिस्थिती सांगतो. मी बीटेक करून पुण्याच्या एका कंपनीत लागलो आणि आता वसमतला घरूनच काम करतो. बायको नांदेडला बँकेत आहे, साडेआठच्या एसटीने जाते. लेक तेरा महिन्यांची. २०१७ साली कायदा बदलला, तेव्हापासून पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती बायकोला मिळाली. पुढे आईने सांभाळलं. पण यंदा वडिलांचा मणका दुखावला आणि हळद काढणीला आईलाच शेतात उभं राहावं लागलं.

म्हणलं, अंगणवाडीत टाकू. तर तिथे बसवायला तीन वर्षांचं लेकरू लागतं, त्याआधी घरी न्यायचा आहार मिळतो. त्याच कायद्यात ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायला सांगितलीय, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. आमच्या कंपनीचं पाळणाघर पुण्यात आहे. मी वसमतला. आणि तसंही त्या चार भेटी आईच्या आहेत, बापाचं नाव कुठे नाही.

शेवटी आमच्याच गल्लीच्या टोकाला एक काकू सापडल्या. अंगणवाडी सेविका होत्या, आता रिटायर झाल्यात. घराच्या मागच्या खोलीत सात लेकरं सांभाळतात. गल्लीत लगेच चर्चा सुरू झाली. बाप दिवसभर घरी आहे आणि लेकरू पाळणाघरात? आता वर्क फ्रॉम होम म्हणजे घरी बसणं नाही, हे मी चार वर्षांपासून सांगतोय. असो.

आमची लेक म्हणजे आधीच चिडकं प्रकरण. नवीन माणसाने नुसतं बघितलं तरी भोकाड. पहिल्या दिवशी तिला काकूंकडे घेऊन निघालो तेव्हा आई म्हणाली, “खेळण्यात लक्ष लागलं की हळूच सटक. सांगून जाशील तर लेकरू जास्त रडंल.” मला पटलं. तिला गाडी दिली, ती चाक फिरवायला लागली आणि मी मागच्या दाराने पसार. बाहेर येऊन स्वतःवर खूशसुद्धा झालो.

तीन दिवस असंच केलं. चौथ्या दिवसापासून घरात आमचं जगणं मुश्कील झालं. मी पाणी प्यायला उठलो तरी ती पायाला मिठी मारायची. बाथरूमचं दार लावता येईना. रात्री दोन-तीनदा दचकून उठायची आणि हाताने चाचपून बघायची की आम्ही आहोत का. खेळण्यातली गाडी तर हातातसुद्धा घेईना. गाडी घेतली की बाबा गायब होतो, एवढं तिला पक्कं कळलं होतं. आई मला म्हणायची, “कामून रडवायलास लेकराला?” आणि बाराव्या रात्री बायको मोबाईलवर काहीतरी टाईप करत बसली होती. बघितलं तर राजीनामा. पाठवला नव्हता. पण मजकूर पूर्ण होता.

आमच्या टीममधला एक जण बर्लिनला असतो. सकाळच्या कॉलवर माझे डोळे बघून त्याने विचारलं, मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे यासाठी पद्धतच आहे. १९८० च्या दशकात तिकडे तयार झाली, नावच बर्लिन मॉडेल. पहिले तीन दिवस आई किंवा बाप लेकरासोबत तासभर तिथेच बसतो. सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर, जास्तीत जास्त अर्धा तास. आणि चौथा दिवस सोमवार आला तर प्रयोग मंगळवारी, कारण सुट्टी घरी काढून आलेलं लेकरू सोमवारी जास्त हळवं असतं. लेकरू रडलं की नाही यावर ते फारसं काही ठरवत नाहीत. सांभाळणारी बाई त्याला शांत करू शकते का, हे बघतात. तसं झालं तर आठवड्याभरात जमतं, नाही तर दोन-तीन आठवडे द्यायचे.

मी इंजिनिअर माणूस. लगेच एक्सेल शीट केली आणि काकूंना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, “भैय्या, हळदीच्या रानात गेलास का कधी? लिंबाला झोळी बांधलेली असती. त्यातल्या लेकराला माय दिसती. ती सरीच्या टोकाला जाती, परत येती. त्याला रोज दिसतंय ते. तुझ्या लेकराला काय दिसलं? बाप भुर्र.”

खरं सांगू, त्या झोळीचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. त्या बायांना दुसरी सोयच नसते, आणि उन्हात लेकरांचे हाल होतात. पण काकूंचा मुद्दा डोक्यात बसला.

आपण लहानपणी बुवा-कुक खेळायचो ना, तोंडावर पदर घ्यायचा आणि काढायचा? पियाजे नावाचा स्विस मानसशास्त्रज्ञ होता. त्याचं म्हणणं, वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे लेकरू पहिल्या-दुसऱ्या वर्षात हळूहळू शिकतं. म्हणजे आपण गेलोय हे त्याला कळतं, पण परत कधी येणार हे कळत नाही. घड्याळ नसतं त्याच्याकडे. म्हणून साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून लेकरं आपल्याला चिकटतात आणि पुढे वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत हे जोरात चालतं. थोडक्यात, मी माझ्या लेकीशी बुवा केला आणि कुक करायला सात तासांनी उगवलो!

मग पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस सतरंजीवर मांडी घालून बसलो, मांडीवर लॅपटॉप. एका लेकराने माझ्या कीबोर्डवर वरणभात सांडला. चौथ्या दिवशी, बुधवार होता, तिच्यासमोर बसून म्हणलं, “बाबा जातोय. परत येतो.” एक पापा, आणि निघालो. ती अशी रडली की कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत आवाज आला. पाय मागे वळत होते. वळलो नाही, कारण निरोप घेऊन पुन्हा आत जाणं म्हणजे परत पहिला धडा. वीस मिनिटांनी गेलो तर काकूंच्या कडेवर हुंदके देत होती, हातात आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. तो काकूंनीच मागून घेतला होता, न धुता. त्याला आमच्या घराचा वास होता, थोडा हळदीचा.

वीस मिनिटांचे चाळीस झाले, मग दुपारचं जेवण, मग झोप. मध्ये तिला सर्दी झाली आणि चार दिवस मागे गेलो. एकूण एकोणीस दिवस लागले. सुट्ट्या संपल्या, मॅनेजरची बोलणी खाल्ली. ज्यांची मजुरी रोजची आहे त्यांनी एकोणीस दिवस कुठून आणायचे, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक गोष्ट नवीन आईबाबांनी लक्षात ठेवा. दिवसभर छान खेळलेलं लेकरू तुम्हाला बघताच रडायला लागलं, तर पाळणाघरावर लगेच संशय घेऊ नका. आमची अजून तसं करते. काकू म्हणतात, दिवसभराचं साठवून ठेवलेलं ती घरच्या माणसापाशी मोकळं करते.

आई आता स्वतःच तिला सांगून शेतात जाते. बायकोच्या मोबाईलमधला तो ड्राफ्ट अजून डिलीट झालेला नाही, मी विचारलंही नाही. सोमवारी सकाळी अजून रडारड असतेच, पाच-सात मिनिटं.

चला, चार वाजत आले. मी सकाळी तिला “परत येतो” म्हणून आलोय, त्यामुळे उशीर करून चालणार नाही. पुढच्या भागात भेटू.