नाव जुने, शत्रू नवा



इ. स. १०७१ मध्ये मांझिकर्टच्या रणांगणावर सेल्जुक सुलतान अल्प अर्सलान याने बायझंटाइन सम्राट चौथा रोमानोस यास कैद केले. आशिया मायनरची दारे तुर्कांना उघडली. परंतु कॉन्स्टँटिनोपलच्या पंडितांचे ग्रंथ उघडावेत, तर हे विजेते अनेक ठिकाणी 'पारसीक' म्हणून भेटतात. राजकन्या अ‍ॅना कॉम्नेने हिने बाराव्या शतकाच्या मध्यास आपल्या पित्याचा इतिहास लिहिला. त्यात 'तुर्क' आणि 'पारसीक' ही दोन्ही नावे शेजारी नांदतात. पुढे निकेटास कोनिएटीसच्या ग्रंथातही पारसीक आहेतच. हे अज्ञान होते काय?

मुळीच नव्हे. तुर्क कोण, हे बायझंटियमला पाच शतकांपासून ठाऊक होते. ५६८ च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कांचे दूत सम्राट दुसरा जस्टिन याच्या दरबारी आले, तेही इराणच्या सासानी सत्तेविरुद्ध मैत्री जोडण्यासाठी! इतिहासकार मेनँडरने ती हकिकत नोंदविली आहे. मग इराणचा वैरीच पुढे इराणी कसा ठरला?

पहिले कारण ग्रंथपरंपरेचे. तेथील विद्वान बोलीभाषेत नव्हे, तर प्राचीन अथेन्सच्या ग्रीक भाषेचे अनुकरण करीत लिहीत. हेरोडोटसवर पोसलेल्या त्या लेखणीला पूर्वेकडून येणारा बलाढ्य शत्रू पारसीकच वाटे.

दुसरे कारण वास्तवाचे. सेल्जुक आले तेच इराण जिंकून. कोन्याच्या दरबारात राजभाषेचा मान फारसीला होता. इब्न बीबीने तेथील सुलतानांचा इतिहास फारसीतच लिहिला. सुलतानांची नावे तरी कोणती? कैखुसरो, कैकाऊस, कैकुबाद. म्हणजे शाहनाम्यातील प्राचीन इराणी राजांचीच! खुद्द कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात एक दालन होते. १२०० सालच्या उठावाचे वर्णन करताना निकोलाओस मेसारिटीस सांगतो की, पारसीक वेशातील चित्रांनी नटलेले ते दालन पारसीक हातांचे काम आहे. आजचे अभ्यासक त्याचा संबंध सेल्जुक कलेशी जोडतात.

तात्पर्य, ते नाव वंशाच्या दृष्टीने चुकीचे, पण संस्कृतीच्या दृष्टीने बरेचसे खरे होते. आपल्याकडेही याच सुमारास कल्हणाने 'राजतरंगिणी'त कुषाण राजांना 'तुरुष्क' कुळातील म्हटले. तेथे नव्या शत्रूला जुने नाव मिळाले, येथे जुन्या राजांना नवे. ओळखीच्या शब्दात अनोळखी माणूस बसविण्याचा मोह सर्वत्र सारखाच.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले. त्यानंतर इम्ब्रोस बेटावरील क्रितोबुलोसने विजेत्या दुसऱ्या मेहमेदचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला. त्याने उस्मानी घराण्याचा वंश प्राचीन इराणच्या हखामनी कुळाशी, आणि त्यामार्गे ग्रीक वीर पर्सियसशी जोडला. शत्रूला परका ठरविणारे नाव आता त्यालाच आप्त ठरवू लागले. जितांना जेत्याची सत्ता सुसह्य करण्याचा तो एक मार्ग होता.

परंतु जुन्या नावात जुना दिलासाही दडलेला असतो. हेराक्लियसने ६२७ मध्ये निनेव्हेजवळ पारसीकांना हरविले; सीरिया आणि इजिप्त व्यापून बसलेल्या त्यांच्या सेना अखेर परत गेल्या. नवे 'पारसीक' मात्र कुटुंबकबिल्यासह, गुराढोरांसह आले आणि तेथेच वसले. शत्रूचे नाव ग्रंथात सापडले, म्हणून त्याचा पुढचा डावही ग्रंथात सापडेलच असे नाही.