वालाची उसळ आणि भाईजानची गोळी

(टोकावडे येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरसमोर बसणारा इंजिनिअर आहे. चौतिसाव्या वर्षी तपासणीत माझे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६४ निघाले. ते १०० च्या आत असलेले बरे. मला त्रास काहीच नव्हता. हे वाढलेले अंगाला कळत नाही, हीच त्याची खोड.

तिशीतल्यांनी हे का ऐकायचे? डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास.

मी आधी वाचत बसलो. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. ते आतड्यात उतरते आणि बहुतेक परत शोषले जाते. पाण्यात विरघळणारा चोथा खाल्ला, तर तो काही पित्त धरून बाहेर नेतो. मग नवे पित्त बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल उचलते. आमच्या भाषेत, लूप तोडायचा. हा चोथा वाल, चवळी, हरभरा, भेंडी, मेथीदाणा, पेरू आणि जवात असतो. म्हणजे ओट्सचा महागडा डबा नसला तरी चालते. इकडच्या घरातली वालाची उसळ आणि तलबिन्याचे जव पुरेत. रोज वाटीभर कडधान्याने एलडीएल पाचेक टक्के उतरते. चमत्कार नाही, पण बेरीज होते.

मटण मी सोडले नाही. चरबी काढू लागलो, नळी आणि भेजा बंद केला, बिर्याणीतले वनस्पती तूप तेलावर आणले. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी घट्ट चरबी ती घट्ट चरबीच. रमजानमध्ये कालच्याच तेलात आजची भजी, हे अम्मीशी भांडून थांबवले. रोज पाऊण तास चाललो. तीन महिन्यांनी आकडा १३२.

आणि मी फुशारकी मारू लागलो.

भाईजानचे एलडीएल २१२ होते. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती. माझे ऐकून ते म्हणाले, “मीही जवच खातो की.” मी अडवले नाही, उलट कौतुक केले. सहा महिने मनापासून पथ्य पाळूनही आकडा १९२.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “वडील कशाने गेले?” अब्बा सत्तेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले. “अल्लाची मर्जी” म्हणून आम्ही तो विषय मिटवला होता. काही घराण्यांत रक्तातले एलडीएल उचलणारी यकृताची यंत्रणाच जन्मतः अपुरी असते. याच यंत्रणेच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. तिथे उसळ एकटी पुरत नाही. एलडीएल १९० च्या वर असेल तर पथ्यासोबत गोळी हवीच. गोळीने स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगायचे, मनाने बंद करायची नाही. त्या सहा महिन्यांत भाईजानना काही झाले नाही, यात माझी हुशारी शून्य.

आता ते गोळी घेतात, वालही खातात. तुमच्या घरात कुणा पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत झटका आला असेल, तर या महिन्यातच रक्त तपासा. दोष आईबापांकडून मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. भाईजानची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिची तपासणी येत्या मंगळवारी आहे, मी सोबत जातोय.