चिंध्यांनीं राखिलेला इतिहास



राजेरजवाड्यांचे अंगरखे, जरीचे शेले आणि शालू पदार्थसंग्रहालयांत जपून ठेविलेले असतात. गरिबांचे कपडे तेथें क्वचितच आढळतात, आणि याचें कारण उघड आहे. श्रीमंताचें वस्त्र पेटींत राहतें. गरिबाचें अंगावरच झिजतें. आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी होते आणि गोधडी विरली कीं तिचें पोतेरें होतें. इतर देशांतहि याहून फार निराळी स्थिति नव्हती. मग अडीचशें वर्षांपूर्वींची एखादी मोलकरीण अंगांत काय घालीत होती, हें आज कळावें कसें? इंग्लंडपुरतें या प्रश्नाचें उत्तर लंडन येथील एका दप्तरांत सांपडतें. मात्र तें तेथें कोणत्या वाटेनें आलें, हें ऐकिलें म्हणजे मन हेलावतें.

टॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थास लंडनच्या रस्त्यांत टाकून दिलेलीं अर्भकें पाहवेनात. अनेक वर्षें खटपट करून त्यानें १७३९ सालीं राजाची सनद मिळविली, आणि १७४१ मध्यें ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ मुलांसाठीं उघडलें. नांव हॉस्पिटल असलें तरी तो दवाखाना नव्हे, अनाथाश्रम होता. मूल आणणाऱ्या स्त्रीस आपलें नांव सांगावें लागत नसे. कारकून मुलाच्या कपड्यांची नोंद एका छापील कागदावर करी, आणि पुष्कळदां कापडाचा एक तुकडा त्या कागदास टांचून ठेवी. आश्रमांत मुलाला नवें नांव मिळे. आई पुढें परत आलीच, तर ओळख पटविण्यास तो तुकडाच उपयोगी पडावयाचा.

१७४१ ते १७६० या काळांतील असे सुमारें ५,००० तुकडे आज शिल्लक आहेत. कागदांचे बांधीव ग्रंथ केल्यामुळें त्यांना उजेड लागला नाहीं, व रंग ताजे राहिले. जॉन स्टाइल्स या इतिहाससंशोधकानें त्यांचा अभ्यास करून २०१० सालीं लंडनमध्यें प्रदर्शन भरविलें.

दरिद्री स्त्रिया बेरंगी कपडे वापरीत असतील, ही समजूत हे तुकडे खोटी ठरवितात. रेशीम बहुधा फितीपुरतेंच. बाकी लिनन, लोकर आणि सूत. पण त्यांवर फुलें, पानें, ठिपके, पट्टे आहेत! हिंदुस्थानचें चीट तिकडे इतकें लोकप्रिय झालें होतें कीं, तेथील विणकरांच्या ओरडीवरून पार्लमेंटानें १७२१ सालीं छापील सुती कापड वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. तेव्हां तेथील छापणारे लिननवर आणि सूत-लिननच्या मिश्र कापडावर फुलें उठवूं लागले. मोलकरणीच्या झग्यापर्यंत पोंचलेली ती हौस या चिंध्यांत दिसते.

१७६७ सालीं एका आईनें आपल्या चार्ल्स नांवाच्या मुलाबरोबर ठिगळें जोडून शिवलेला तुकडा दिला. त्यावर हृदयाची आकृति भरली होती आणि ती मधोमध कापलेली होती. १७७५ सालीं ती आई परत आली आणि आपलें मूल घेऊन गेली. असें भाग्य फार थोड्यांचें. १७६० पर्यंत आलेल्या १६,००० हून अधिक मुलांपैकीं सुमारें दीडशेंच आयांच्या हातीं परत गेलीं. दोन-तृतीयांश तर बालपणींच दगावलीं. 

त्या आयांपैकीं बहुतेकींस लिहितां येत नव्हतें. चिंधी हेंच त्यांचें पत्र. तें वाचतां येतें तें मात्र कारकुनानें चार शब्द लिहून ठेविले म्हणून. आपल्याहि घरीं आजीचें एखादें लुगडें, एखादें कुंचडें पेटीच्या तळाशीं असेल. तें कोणाचें, कोणत्या सालचें, कोणत्या प्रसंगाचें, हें एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या घडींत ठेवावें. सांगणारें माणूस गेलें कीं वस्त्र मुकें होतें.