लक्ष्या गेला तेव्हा



संयोजकांनी मला 'शाळेने मला काय दिलं' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी इंजिनियर झाले, तेव्हा गणिताच्या बाईंचे आभार मानून खाली बसेन अशी त्यांची अपेक्षा असावी. बाई, आभार तर आहेतच. पण आज मला बोलायचंय ते आपल्या शाळेत कधीही न आलेल्या, तरी आपल्या वर्गात रोज हजर असणाऱ्या माणसाबद्दल. लक्ष्मीकांत बेर्डे. आपल्या सगळ्यांचा लक्ष्या.

आठवा ते पेणकरपाडा. हायवेवर चेकनाक्याला ट्रकची रांग, पलीकडे दहिसर म्हणजे मुंबई, अलीकडे आपण. नळाला पाणी कमी आणि टँकरची वाट बघणं जास्त. आपल्यातल्या निम्म्याअधिक घरांची गोष्ट एकच होती : गिरगाव, लालबाग, परळच्या एका खोलीत माणसं मावेनात, म्हणून वडिलांनी पीएफ काढून इथे वन रूम किचन घेतलं. नाटक बघायचं तर पार्ल्याचं दीनानाथ किंवा दादरचं शिवाजी मंदिर गाठायला लागायचं. आता चेकनाक्याजवळ लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह झालंय. तेव्हा आपलं थिएटर म्हणजे गणपतीत वर्गणी काढून रात्रभरासाठी भाड्याने आणलेला कलर टीव्ही आणि व्हीसीआर. तीन कॅसेट यायच्या, त्यातली एक 'अशी ही बनवाबनवी' असणार हे ठरलेलं.

तो सिनेमा १९८८ चा. घर मिळावं म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायका बनतात. आपण पोटभर हसायचो, पण आपले आईवडील जरा जास्तच हसायचे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. भाड्याच्या खोलीसाठी घरमालकासमोर काय काय सोंगं करावी लागतात हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्यात बेत रचणार अशोक सराफ, आणि तो निस्तरायला साडी नेसून उभा राहणार लक्ष्या.

मला वाटतं, लक्ष्याचा विनोद घाबरण्याचा होता. १९९३ च्या 'झपाटलेला'त तो शब्दभ्रमकार झालाय. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला, तात्या विंचू, दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात बोलायला लागतो, आणि लक्ष्याची जी गाळण उडते ती खोटी वाटत नाही. समोर बाहुला असताना तसं घाबरून दाखवायचं ही सोपी गोष्ट नाही. आपणही तेव्हा घाबरलेलेच असायचो. कोणी इंग्रजीच्या पेपरला, कोणी घरमालकाला, कोणाचे वडील कारखाना बंद पडण्याला. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला, आणि तरी शेवटी वाचणारा माणूस पडद्यावर दिसला की जरा सुटल्यासारखं वाटायचं.

माणूस मूळचा गिरगावातला. लहानपणी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं केली. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता छोट्या भूमिका केल्या. १९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूर टूर'ने नाव झालं, आणि १९८५ च्या 'धूमधडाका'नंतर त्याला उसंत राहिली नाही.

१६ डिसेंबर २००४ ला तो गेला. किडनीचा आजार होता. वय अवघं पन्नास. मी तेव्हा हैदराबादला पहिल्या नोकरीत होते. आईचा फोन आला, "अगं, लक्ष्या गेला." आमच्या नात्यातलं कोणी गेल्यासारखंच म्हणाली. मी जागेवरून उठून जिन्यात जाऊन बसले. परत आले तर शेजारच्या मुलीने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिने आठवून पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा, तो 'हम आपके हैं कौन'मधला नोकर?"

तिची काही चूक नव्हती. हिंदीने त्याला तेवढंच दाखवलं होतं. पण मला इतका राग आला की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. आमच्या घरचा नायक होता तो, आणि हे त्या मजल्यावर कोणाला पटवून देणार? मराठी बोलणारी मी एकटीच. त्या रात्री मला एकाच माणसाशी बोलावंसं वाटलं, आणि माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता.

तो माणूस आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही. गरजही नाही, कारण तुम्ही सगळे आत्ताच त्याच्याकडे वळून बघताय.

नववीच्या गॅदरिंगला त्याने आईची साडी नेसून 'बनवाबनवी'तली पार्वती केली होती. पदर सावरताना त्याची ती मान! हेडसरांचा चष्मा हसून हसून खाली पडला होता. त्या दिवसापासून त्याचं नाव लक्ष्या पडलं. ऑफ पिरियड मिळाला की आपण बाक बडवायचो, आणि तो उठायचा.

दहावीला प्रिलिमच्या आधी तो तीन आठवडे शाळेत आला नाही. त्याचे वडील गेले होते. आपल्याला कळलं होतं. पेणकरपाड्यात अशा गोष्टी लपत नसत. तो परत आला तेव्हा डोक्यावर नुकते केस उगवले होते. पहिल्या तासाला बाई यायला उशीर झाला. वर्गात कोणालाच काय बोलावं सुचेना. तेव्हा पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "लक्ष्या, कर की!" आणि सगळ्या वर्गाने बाक बडवायला सुरुवात केली.

ते म्हणणारी मी होते.

तो उठला. डस्टरचं फडकं डोक्यावर पदरासारखं घेतलं, त्या उगवत्या केसांवरून हात फिरवला आणि तीच मान वेळावली. आपण हसलो. केसांवरूनही हसलो. बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. तास संपल्यावर मी पाणी प्यायला गेले तर तो नळावर तोंड धूत होता. बराच वेळ धूत होता. मी बाटली न भरताच परत आले.

लक्ष्मीकांत गेल्यानंतरच्या दिवाळीत घरी आले होते, तेव्हा बाबांबरोबर बसून 'एक होता विदूषक' पाहिला. १९९२ चा सिनेमा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा पुलंची. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लक्ष्मीकांतने त्यात तमाशातल्या सोंगाड्याचं काम केलंय, लोकांना हसवत हसवत मोठ्या झालेल्या आणि आतून रिकाम्या होत गेलेल्या माणसाचं. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या लहान मुलीला हसवता येत नाही. काय काम केलंय त्याने! आणि हा सिनेमा चालला नाही. लोकांना त्यांचा लक्ष्या हवा होता. बाबा म्हणाले, "तेव्हा आम्हीपण गेलो नाही बघायला. म्हटलं, लक्ष्याला रडताना कोण बघणार?"

बाबा सहज बोलले. मला मात्र तो नळ आठवला.

आपल्या ग्रुपवर तो सापडला तेव्हा वर्षानुवर्षांनी बोलणं सुरू झालं, पण विनोद, फॉरवर्ड आणि वाढदिवसांच्या पलीकडे गेलं नाही. काल रात्री मी धीर करून त्याला फोन केला. त्या दिवसाबद्दल माफी मागितली, आणि हे आज इथे सांगू का, असं विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला वाटतं, तू म्हटलं नसतंस तर मला बरं वाटलं असतं? अगं, त्या दिवशी वर्गात कुठे बघायचं हेच मला कळत नव्हतं. लक्ष्या केला आणि कळलं. तेवढं एक मला येत होतं."

मी म्हटलं, म्हणजे राग नाही ना?

"हसलात त्याचा नाही," तो म्हणाला. "पण नंतर कोणीतरी विचारायला हवं होतं. तुम्ही चाळीस जण होतात. एकट्या बाई आल्या घरी. आईशी बोलल्या, माझी परीक्षेची फी भरून गेल्या. कोणाला सांगू नको म्हणाल्या, म्हणून सांगितलं नाही."

बाई, आज सांगितलं. रागावू नका.

आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एखादी गोष्ट नीट चालत असली की तिला हात लावत नाही. बिघडली तरच उघडून बघतो. यंत्राला हा नियम ठीक आहे. पण आपल्यात जो हसवतो, त्याचं बरं चाललंय असं धरून आपण तसंच वागतो. लक्ष्मीकांतशीही आपण तसंच वागलो. तो आजारी असतानाही आपल्या डोळ्यांसमोर साडी नेसलेली पार्वतीच होती. तो गेल्यावर आपण सगळे खरंच हळहळलो. पण त्याने एकदाच आपल्यापुढे वेगळा चेहरा ठेवला होता, तेव्हा आपण तिकीट काढलं नव्हतं.

त्याला आता काही सांगता येणार नाही. आपला लक्ष्या मात्र समोर बसलाय. थोड्या वेळाने जेवणाच्या रांगेत कोणीतरी नक्की ओरडणार, "लक्ष्या, कर की!" आणि तो करणार, मला माहीत आहे. करू दे. मीही हसेन. फक्त त्याच्या आधी एकेकाने त्याच्या शेजारी ताट घेऊन बसा आणि विचारा, घरी कसं आहे, आईची तब्येत कशी आहे. आणि उत्तर ऐकायला थांबा.

फोन ठेवताना तो मला म्हणाला होता, "बोल काय बोलायचं ते, पण लांबवू नकोस. मसालेभात थंड होतो."

तेव्हा थांबते.