क्ष-किरण चित्रातून रोग व इजा ओळखण्याची विद्या



खकनारच्या या सभेत शेतकरी, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि शासकीय कर्मचारी असे सर्वजण एकत्र आले आहेत. सातपुड्याच्या कुशीतील या तालुक्यात कोणी मोहाच्या झाडावरून पडतो, कोणाचा हात बैलगाडीखाली सापडतो, तर कोणाला महिनोन्‌महिने खोकला येत राहतो. अशा वेळी डॉक्टर ‘फोटो काढून आणा’ असे सांगतात. आपण बऱ्हाणपुरास जातो, फोटो काढतो आणि ‘फोटोत काय आले?’ असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर कसे काढले जाते, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन या शास्त्रज्ञास हे अदृश्य किरण प्रथम आढळले. त्यांचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे, बीजगणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच त्याने या किरणांना दिले. आपल्या गणितात ते अक्षर ‘क्ष’. म्हणून हे क्ष-किरण. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

आपण याला फोटो म्हणतो खरे. परंतु वस्तुतः ती सावली होय. शरीरातून किरण जितके अधिक पार जातील तितका तो भाग काळा उमटतो. म्हणून हवा काळी, चरबी गडद करडी, मांस, रक्त व पाणी फिकट करडे, हाड पांढरे आणि धातू सर्वांत शुभ्र दिसतो. या पाच छटा ही या विद्येची मुळाक्षरे होत. रक्त आणि पाणी यांची छटा एकच असल्यामुळे छातीत साचलेला द्रव कोणता, हे केवळ चित्रावरून सांगता येत नाही.

अक्षरे आली म्हणजे वाचन आले असे नव्हे, हे शिक्षक मंडळी जाणतातच. छातीचे चित्र हाती आले की प्रथम नाव, तारीख आणि उजव्या-डाव्या बाजूची खूण पाहावयाची. रुग्ण समोर उभा आहे असे समजून चित्र धरले जाते. त्यामुळे त्याचे हृदय पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. नंतर चित्र नीट निघाले आहे किंवा नाही हे पाहावयाचे. रुग्णाने श्वास पूर्ण भरून घेतला नसेल, तर निरोगी फुफ्फुसही धूसर दिसते आणि हृदय उगाच मोठे भासते. त्यानंतर श्वासनलिका, हृदय, दोन्ही फुफ्फुसे, श्वासपटल आणि बरगड्या असा क्रम ठेवून डावी बाजू उजवीशी ताडून पाहावयाची. उभ्याने, पाठीमागून किरण टाकून घेतलेल्या चित्रात प्रौढ माणसाचे हृदय सामान्यतः छातीच्या निम्म्या रुंदीहून अधिक नसते. फुफ्फुसाच्या तळाचे टोकदार कोपरे बोथट झाले असतील, तर तेथे पाणी साचल्याचा संशय येतो. मात्र असा फरक दिसण्यास सुमारे पेलाभर पाणी साचावे लागते.

हा क्रम का सोडू नये, हे मी स्वतः चूक करून शिकलो. शिकाऊ असताना माझ्यापुढे पडून जखमी झालेल्या एका मजुराचे चित्र आले. मोडलेली बरगडी मला चटकन दिसली, मी ती लिहिली आणि समाधानाने चित्र बाजूला ठेवले. माझ्या वरिष्ठांनी ते पुन्हा प्रकाशावर धरले आणि हसळीच्या हाडामागे फुफ्फुसाच्या शेंड्यावर असलेल्या लहानशा सावलीवर बोट ठेवले. पुढे थुंकी तपासली असता तो क्षय निघाला. बरगडी आपोआप जुळली असती. क्षयाने मात्र तो माणूस आणि त्याच्या घरची मुले यांना ग्रासले असते. एक दोष सापडला की डोळा शोध थांबवितो. म्हणूनच हसळीमागे, हृदयाच्या आड आणि श्वासपटलाखाली मुद्दाम दुसऱ्यांदा पाहण्याची शिस्त लावून घ्यावी लागते.

ही चूक केवळ नवशिक्यांचीच होते असेही नाही. गार्लंड या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने १९४९ मध्ये दाखवून दिले की, अनुभवी वाचकांकडूनही छातीच्या दोषयुक्त चित्रांपैकी सुमारे ३० टक्के नजरेतून सुटत होती. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वाचन केल्यास सुटणाऱ्या दोषांची संख्या कमी होते.

आता हाडांविषयी. हाताचे वा पायाचे एकच चित्र पुरेसे नसते. एक समोरून आणि एक बाजूने अशी दोन हवीत. समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने पाहता सरकलेले असू शकते. लांब हाड मोडल्याचा संशय असेल, तर वरचा आणि खालचा सांधाही चित्रात यावा. मनगटात अंगठ्याच्या बुडाशी एक लहान हाड असते. त्याची चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र घेतल्यावर ती उमगते. याउलट, मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीसाठी कूर्चेचा थर असतो. चित्रात तो काळ्या रेघेसारखा दिसतो आणि अजाण डोळ्याला तो अस्थिभंगच वाटतो. हाड मोडलेले असता केवळ चोळून वा घट्ट बांधून घेतल्याने कित्येकांचा हात जन्माचा वाकडा राहिला आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

‘फोटो चांगला आला, म्हणजे रोग नाही’ हा समजही योग्य नव्हे. कापसाच्या धुळीमुळे छाती आवळते व श्वास लागतो, अशा विकारात चित्र बहुधा निर्दोषच असते. बऱ्हाणपूरसारख्या कापडाच्या गावाने हे ध्यानात ठेवावे. तसेच ‘डाग आला, म्हणजे क्षयच’ हेही खरे नव्हे. तो डाग जुन्या, बऱ्या झालेल्या रोगाचा व्रण असू शकतो. येथे दोन गोष्टी निर्णायक ठरतात: थुंकीची तपासणी आणि जुने चित्र. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच सावली तशीच असेल, तर धीर धरता येतो. नवी असेल, तर घाई करावी लागते.

तथापि, चित्राचे महत्त्व थोडे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत असे आढळले की, छातीचे चित्र घेतले नसते तर सुमारे ४३ टक्के रुग्ण नजरेआड राहिले असते; कारण त्यांना ठळक लक्षणेच नव्हती. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात वाहून नेता येणारी यंत्रे वस्त्यांपर्यंत नेण्यात आली. पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयतपासणीत छातीची चित्रे संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. जेथे तज्ज्ञ नाही तेथे हे साधन मोलाचे आहे. परंतु तेही संशयच दाखविते, निदान थुंकीच्या तपासणीनेच पक्के होते.

शेवटी आपण काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप किंवा वजनात घट असल्यास सरकारी आरोग्य केंद्रात जावे; तेथे क्षयाची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. उपचार चालू असताना पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपयांचे साहाय्यही ठरविण्यात आले आहे. स्त्री गरोदर असल्यास चित्र काढण्यापूर्वी तसे सांगावे. जुनी चित्रे घडी घालून धान्याच्या कोठीमागे टाकू नयेत. नाव व तारखेसह जमिनीच्या कागदपत्रांबरोबर सपाट ठेवावीत आणि प्रत्येक वेळी सोबत न्यावीत. खिडकीशी धरून मोबाइलवर काढलेल्या नकलेत बारीक सावल्या हरवतात, म्हणून मूळ चित्रच न्यावे.

चित्र वाचणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु ते जपणे, वेळेवर काढणे आणि ‘जुन्याशी ताडून पाहिले का?’ असे विचारणे आपल्या हाती आहे. शिक्षकांनी वर्गात त्या पाच छटा मुलांना दाखवाव्यात. ज्या घरातील मूल हे शिकेल, त्या घरातील खोकला दुर्लक्षित राहणार नाही, असा मला विश्वास वाटतो.