रुग्णसेवेतील पहिले औषध : विचारपूस



जैन आचारात अभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक 'वैयावृत्य', म्हणजेच सेवा. हा शब्द मुळात साधुसेवेसाठी योजलेला असला तरी त्यातील भाव कोणत्याही रुग्णाच्या खाटेपाशी लागू पडतो. सेवेला तप का म्हणावे? कारण सेवा करणाऱ्याला स्वतःची घाई, सवय आणि 'सारे आपल्यालाच कळते' हा अभिमान बाजूला ठेवावा लागतो. आजचे परिचर्याशास्त्र ज्याला रुग्णकेंद्रित सेवा म्हणते, तिचे मर्मही हेच. माप न घेता शिवलेला अंगरखा कितीही उंची कापडाचा असो, अंगाला बसत नाही.

याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. रँडसाहेबाच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या. देवघर, माजघर यांचा विधिनिषेध पाळला नाही. रोगी शोधणे आवश्यकच होते. परंतु रीत अशी की लोक रोग्यांना लपवू लागले. रोग शोधण्यासाठी निघालेल्या मोहिमेनेच रोग दडवला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवरून आणले आणि त्या सेवेतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथ तीच, शहर तेच. एकीकडे धाक होता, दुसरीकडे माया.

अलीकडचे उदाहरण विदर्भातलेच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे कार्य आरंभिले. आदिवासी बांधव दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी त्यांनाच विचारले. उत्तरे विचार करावयास लावणारी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातलगांना जवळ राहू देत नाहीत. डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात, आणि पांढरे वस्त्र तर प्रेतावर घालावयाचे! हे ऐकून शोधग्राम येथे आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. नातलगांना रुग्णाजवळ राहता आले आणि दवाखान्याला नाव मिळाले ते त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. पुढे याच संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची सेवा घरोघर पोहोचविली. त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऐकून घेणे हा केवळ शिष्टाचार नसून त्याने जीव वाचतात, हे यातून दिसते.

कारंजा तर अनेक श्रद्धांची नगरी. येथे प्राचीन जिनमंदिरे आहेत, श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे. समजा, रात्रिभोजनत्यागाचा नियम असलेली एक वृद्ध माता दवाखान्यात आहे. रात्री नऊ वाजता परिचारिका रक्तदाबाची गोळी देते. माता संकोचाने ती मुठीत धरते आणि पुढे उशीखाली ठेवते. कागदावर 'औषध दिले' अशी नोंद होते. सकाळी रक्तदाब चढलेला पाहून डॉक्टर मात्रा वाढवितात. येथे कोणीही खोटे बोलले नाही, कोणी निष्काळजीही नव्हते. केवळ एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. आधीच विचारले असते, तर डॉक्टरांनी शक्य तेथे सूर्यास्तापूर्वीची वेळ ठरविली असती. शक्य नसेल तेथे तसे स्पष्ट सांगितले असते, आणि निर्णय त्या मातेने समजून-उमजून घेतला असता. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. ते न चालणाऱ्यास गोळी वा पातळ औषध मिळू शकेल का, हेही विचारता येते. शेजारच्या खाटेवर रोजा पाळणारा मधुमेही असेल, पलीकडे केवळ गोरमाटी समजणारी आजी असेल; त्यांनाही हाच न्याय.

मात्र एक सावधगिरी हवी. नाव वा आडनाव पाहून आचार गृहीत धरू नये. एकाच घरात सासू कंदमूळ वर्ज्य करते, सून करीत नाही. म्हणून तर्क न करता प्रत्येकाला विचारावे. तसेच सारा भार परिचारिकेवर टाकणेही अन्यायाचे आहे. तिच्याकडे एकाच वेळी अनेक खाटा असतात. कुटुंबीयांनी व समाजानेही पुढे व्हावे.

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक साधा संकल्प करता येईल. रुग्णाच्या भेटीस जाणाऱ्या कार्यकर्त्याने फळांच्या पिशवीबरोबर चार प्रश्न न्यावेत : आहार-पाण्याचे नियम कोणते? औषध कोणत्या वेळी चालते? कोणत्या भाषेत बोललेले समजते? जवळ कोण असावेसे वाटते? उत्तरे कागदावर लिहून, रुग्णाच्या संमतीने, परिचारिकेच्या हाती द्यावीत. रुग्ण कोणत्याही जातिधर्माचा असो, प्रश्न हेच असावेत. या कामाला देणगी लागत नाही, इमारत लागत नाही. खाटेशेजारी थोडा वेळ बसावे लागते, एवढेच.

जय जिनेंद्र.