शिक्षणात खंड पडला तरी



उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आपली पुष्कळशी कुटुंबे कष्टावर जगणारी आहेत. कुणी कारखान्यात रात्रपाळी करतो, कुणी शिवणयंत्रावर बसतो, कुणी पहाटेची लोकल गाठून मुंबईस जातो. अशा घरातील मुलाची महाविद्यालयात हजेरी कमी भरली की, त्यास शिक्षणाची गोडी नाही, असा शेरा मारून लोक मोकळे होतात. परंतु वर्गाची वेळ व पाळीची वेळ एकच असेल तर त्याने करावे काय?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ओळखला होता. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे वर्ग सकाळी भरत. ते आटोपून नोकरदार विद्यार्थी कचेरीत जात. लक्षात घ्या, वेळ बदलली होती, अभ्यास सोपा केला नव्हता. परीक्षा मुंबई विद्यापीठाचीच होती.

आणि स्वतः बाबासाहेबांचे शिक्षण तरी अखंड कोठे झाले? बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची मुभा त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. १९२० साली ते पुन्हा गेले. १९२१ साली एम.एस्सी. व १९२३ साली डी.एस्सी. झाले. ती मुभा नसती तर?

आज सोयी वाढल्या आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची व पुढे परत येण्याची वाट दाखविली आहे. येथे मात्र आपणांस सावध करावयाचे आहे. बाहेर पडण्याचा दरवाजा गरिबाच्या मुलास फार लवकर दाखविला जातो. परत येण्याचा कोणता, हे त्यास सांगितले जात नाही. मुलीचे लग्न ठरले की, एका वर्षाचे प्रमाणपत्र पुरे झाले, असे आपल्याच घरात म्हटले जाईल. तसे म्हणू देऊ नका.

प्रवेश घेतेवेळी आईबापांनी मुलांबरोबर महाविद्यालयात जावे. सकाळचे वर्ग आहेत काय, चुकलेले पाठ कसे भरून निघतील, इंग्रजीत शिकविलेला विषय मराठीतून समजावून मिळेल काय, मध्येच थांबल्यास मिळविलेली क्रेडिट्स पुढे कशी वापरता येतील, हे विचारावे. घरात अपंग मुलगा वा मुलगी असल्यास, २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवावयाच्या आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. सवलत मागावयाची ती लेखी अर्ज देऊन मागावी, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याखेरीज कचेरीतून हलू नये.